मागच्या ओळीतून

आमच्या घरात गाडीत कुणी कुठं बसायचं हे गाडी घ्यायच्या आधीच ठरलेलं असतं. स्टिअरिंगला हे, शेजारी मामा. मधल्या ओळीत आत्या, कारण त्यांचे गुडघे दुमडत नाहीत, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना माझी लेक आणि पुतण्या. मागच्या ओळीत आम्ही दोघी जावा, पायाशी पिशव्या घेऊन. सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणायची आमच्याकडची पद्धत. भाऊजी तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात असतात. ते दिवाळीला किंवा मोहरमच्या ताबुतांना इकडं आमच्या कडेगावात आले की आठवं माणूस होतं आणि मग कुणीतरी कुणाच्या तरी मांडीवर.

म्हणजे सात-आसनी गाडीची तिसरी ओळ या घरात कुणाला माहीत असेल तर ती आम्हा दोघींनाच. जुन्या डिझेल गाडीची पंधरा वर्षं भरत आली आणि आता इलेक्ट्रिकच घ्यायची असं ठरलं, तेव्हा मी एकच अट घातली. गाडी बघायला आम्ही दोघीही येणार आणि मागं बसूनच बघणार. ह्यांनी मान हलवली. मामा म्हणाले, "व्हय, त्येबी बघाय पायजेच की."

मागच्या ओळीची माझी ओळख जुनी आहे. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. कॉलेजला विट्याला जायचं ते वडापनं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी गाडीनं. 1994 साली टाटा सुमो आली आणि पाच-सहा वर्षांत आमच्या भागातल्या प्रत्येक फाट्यावर ती वडापला उभी दिसायला लागली. तिच्या मागच्या भागात समोरासमोर दोन बाकडी असायची. सहा माणसं, एखादी दुधाची किटली, कधी कोंबड्या. पट्टा बिट्टा काही नाही, ब्रेक लागला की समोरच्याच्या अंगावर. तरी त्या बाकड्यांचा एक फायदा होता, दार मागून उघडायचं. आत शिरायला कुणाला उठवावं लागायचं नाही. आताच्या गाड्यांत तिसरी ओळ पुढं तोंड करून असते, पट्टा असतो, डोक्याला आधार असतो, पण तिथं पोचायचं तर मधली सीट पाडून, वाकून, साडी सावरत जावं लागतं. गाडीच्या जाहिरातीत हे कधीच दिसत नाही. जाहिरातीतली माणसं आधीच बसलेली असतात.

आता बाजारात काय आहे ते बघू. तीन ओळींची इलेक्ट्रिक गाडी म्हटलं की आपल्याकडं यादी फार लांबत नाही. किया ईव्ही9 ऑक्टोबर 2024 मध्ये आली, किंमत 1 कोटी 30 लाख. मामांनी ती रक्कम ऐकली आणि लगेच उसात मोजली. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा ठरवून दिलेला किमान दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनाला 3550 रुपये, म्हणजे त्या एका गाडीला साडेतीन हजार टनांपेक्षा जास्त ऊस. टेंभू आणि ताकारी योजनांचं पाणी आलं म्हणून आमच्या तालुक्यात ऊस दिसतो, नाहीतर हा सगळा ज्वारीचा माळ. त्यामुळं किंमत उसात मोजायची मामांची सवय मला गैर वाटत नाही. बीवायडीची ईमॅक्स 7 त्याच महिन्यात आली. ती 26 लाख 90 हजारांपासून सुरू झाली आणि सहा किंवा सात आसनांत मिळते. पण ती आमच्या बजेटच्या पलीकडची, आणि बॅटरीची गाडी घ्यायची तर दुरुस्तीचं ठिकाण जवळ हवं हे ह्यांचं म्हणणं मला पटलं. राहिल्या दोन. जुलै 2025 मध्ये आलेली किया कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही आणि नोव्हेंबर 2025 मध्ये आलेली महिंद्राची एक्सईव्ही 9एस.

कियाच्या गाडीत 42 आणि 51.4 युनिटच्या दोन बॅटऱ्या येतात. युनिट म्हणजे किलोवॅट-तास, आपल्या लाइट बिलातलंच. कंपनीचा आकडा 404 आणि 490 किलोमीटर, किंमत 17 लाख 99 हजारांपासून 24 लाख 49 हजारांपर्यंत. महिंद्राच्या गाडीत 59, 70 आणि 79 युनिटच्या बॅटऱ्या, मोठीचा दावा 679 किलोमीटरचा, किंमत 19 लाख 95 हजारांपासून 29 लाख 45 हजारांपर्यंत. या सगळ्या गाड्या आल्या तेव्हाच्या शोरूमच्या किमती. क्लॅव्हिसला तिची कंपनीसुद्धा एसयूव्ही म्हणत नाही. पण ती रस्त्यापासून बऱ्यापैकी उंच आहे आणि आमच्या मळ्याच्या रस्त्याला तेवढं पुरतं. नावावरून भांडण्यात अर्थ नाही.

एका शोरूममध्ये विक्रेता पोरगा सगळं ह्यांच्याकडं बघूनच बोलत होता. पुढच्या पडद्याचा आकार, स्पीकर, सेकंदात किती वेग. मी आणि जाऊ मधली सीट पाडून मागं चढलो तर तो म्हणाला, "मॅडम, तिथं लहान मुलंच बसतात." जाऊ आतूनच म्हणाली, "आमच्यात न्हाई वो. आमच्यात लहान मुलं मधी बसत्यात." पोराला काय बोलावं कळेना. शोरूमचं नाव सांगत नाही, कारण हा अनुभव कुठल्याही शोरूममध्ये आला असता.

मागं बसल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती गुडघ्यांची. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी फरशीखाली पसरलेली असते. त्यामुळं मधला उंचवटा जातो आणि फरशी सपाट होते, हे चांगलं. पण सगळी फरशीच वर येते. सीट तेवढी वर घेता येत नाही, कारण वर छत आहे. मग मांड्या सीटला टेकत नाहीत आणि गुडघे वर येतात. पाटावर बसल्यासारखं. अर्धा तास चालतं. तासाभरानं कंबर बोलायला लागते. हे या प्रकारच्या सगळ्याच गाड्यांत कमी-जास्त असतं. मधली सीट पुढं सरकली तर पाय थोडे लांब करता येतात, म्हणून मधल्या ओळीतल्यांशी तह करावा लागतो. आत्यांना चार बोटं पुढं सरका म्हणायची माझी छाती होत नाही. त्यामुळं मी आत्यांना मधल्या सीटवर त्यांच्या सोयीनं बसवूनच मग मागं जाऊन बघितलं. मधली सीट रिकामी असताना पूर्ण पुढं सरकवून "बघा, किती जागा आहे" असं दाखवतात. त्याला काही अर्थ नाही.

एक गंमत मापांच्या कागदावर सापडली. महिंद्राची गाडी सुमारे 4.74 मीटर लांब आणि 1.9 मीटर रुंद. कियाची 4.55 मीटर लांब आणि 1.8 मीटर रुंद. पण पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर कियाचंच दीड-दोन सेंटीमीटरनं जास्त आहे. म्हणजे लहान दिसणारी गाडी आत तेवढी लहान नाही. शिवाय कियाची मधली सीट एका बटणावर दुमडून पुढं पडते. साडीत चढणाऱ्या बाईला हे बटण सनरूफपेक्षा दहापट मोलाचं. जावेनं तिथंच आपलं मत देऊन टाकलं. गावातल्या पेठेत समोरून ट्रॅक्टर आला तर दहा सेंटीमीटर कमी रुंदी काय असते हेही आम्हाला ठाऊक आहे. काचेच्या छताबद्दल आत्यांचं मत वेगळंच होतं. "ऊन आत घ्यायला पैसं कशाला द्यायचं?" एप्रिलात आमच्याकडचं ऊन ज्यानं सोसलंय त्याला हा प्रश्न पडणारच. एसीचं म्हणाल तर मागच्या ओळीला जाळी असणं वेगळं आणि भर दुपारी तिथवर गार हवा पोचणं वेगळं. गाडी उन्हात तासभर उभी करून मग मागं बसायचं, त्याशिवाय कळत नाही.

चालवून बघायला आम्ही सातही जण गेलो. रस्ता मीच सांगितला, देवराष्ट्र्याच्या बाजूनं सागरेश्वरचा घाट. एका बाजूला अभयारण्याची झाडी, वळणं भरपूर. आणि इथं मला ती गोष्ट कळली जी मी कुठंच वाचली नव्हती. इलेक्ट्रिक गाडीत अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटर उलटी जनरेटर होते, बॅटरीत वीज परत जाते आणि गाडी आपोआप मंदावते. चालवणाऱ्याला हे आवडतं, ब्रेकवर पाय न्यावा लागत नाही. मागच्या ओळीत मात्र प्रत्येक वेळी मान पुढं जाते. पाय दिला की मागं, उचलला की पुढं. त्यात इंजिनचा आवाज नाही, त्यामुळं गाडी आता धावणार की थांबणार हे कानाला आधी समजत नाही आणि पोट गडबडतं. चौथ्या-पाचव्या वळणावर जावेनं माझा हात घट्ट धरला. मी पुढं ओरडून सांगितलं, ते परत वीज घेणं कमी करा. ह्यांनी स्टिअरिंगमागची पट्टी ओढून ते सगळ्यात खाली आणलं आणि गाडी साध्या गाडीसारखी चालायला लागली. उरलेला घाट ठीक गेला. हा दोष गाडीचा नाही, चालवणाऱ्याच्या पायाचा आहे. मागं माणसं बसलेली असताना ती सोय सगळ्यात कमी ठेवायची, हे आता आमच्या घरात ठरलेलं आहे.

घाट उतरताना फुकट वीज मिळते याचं मामांना फार कौतुक. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून हिशेब करून दाखवला. माणसांसकट अडीच टनांची गाडी सहाशे मीटर खाली उतरली, तर वस्तुमान गुणिले उंची गुणिले गुरुत्वत्वरण यांचं उत्तर सुमारे चार युनिट येतं. त्यातलं दोन-अडीच परत मिळेल, म्हणजे पंधराएक किलोमीटरची सोय. आमचं गाव गुहागर-विजापूर महामार्गावर आहे. पश्चिमेला सरळ गेलं की कराड, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. जाताना बॅटरी आनंदी असते. येताना तीच चार युनिटं आणि वर घर्षणाचं व्याज भरावं लागतं. चढावर आणखी एक फरक जाणवतो. महिंद्राची मोटर मागच्या चाकांना आहे, कियाची पुढच्या. सात माणसं बसली आणि गाडी चढाला लागली की वजन मागं जातं, तिथं मागची चाकं जास्त धरतात. डांबरी रस्त्यावर याचं काही वाटत नाही. पावसाळ्यात मळ्याच्या चढावर वाटतं.

सामानाचं बोलायलाच हवं. तीनही ओळी भरल्या की डिकी नावापुरती उरते. क्लॅव्हिसला 216 लिटर आणि बॉनेटखाली 25 लिटरचा कप्पा. महिंद्राला बॉनेटखाली 150 लिटर. पौषात पालीच्या खंडोबाला, चैत्रात जोतिबाला किंवा खरसुंडीच्या सिद्धनाथाला जाताना नैवेद्याचे डबे, पाण्याचे कॅन, अंथरायला सतरंजी आणि येताना नारळ-भंडारा, हे सगळं आजवर आमच्या दोघींच्या पायांत असायचं. बॉनेटखालचा मोठा कप्पा बघून मी पहिल्यांदा डबे कसे बसतील तेच बघितलं. छतावर कॅरिअर टाकता येईल, पण वाऱ्याला आडवं काही आलं की महामार्गावर बॅटरी लवकर उतरते, म्हणून तो विचार सोडला.

आणि मग पुणे. मामांची तपासणी पुण्याला असते, लेकीला पुढं तिकडंच शिकायचं आहे. कडेगाव ते पुणे दोनशे किलोमीटरला थोडं कमी. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरीव चाचणीचा असतो, त्यात सात माणसं, एसी आणि ताशी नव्वद-शंभरचा वेग नसतो. मी मोठ्या गाडीला शंभर किलोमीटरला साडेसतरा युनिट आणि लहानीला सोळा धरलं, तळाशी दहा टक्के बॅटरी राखून ठेवली. 79 युनिटची गाडी चारशेच्या आसपास जाते, म्हणजे पुण्याला जाऊन परत, जेमतेम. 51.4 युनिटची तीनशेच्या आत. ती पुण्याला आरामात पोचते, पण तिथं कुठंतरी चार्ज करून घ्यावी लागते. तपासणीला तीन तास लागतातच, तेवढ्यात ते होऊन जातं. पण आजारी माणूस सोबत असताना चार्जर शोधत फिरायची मला हौस नाही.

महामार्गावर चार्जर आता बरेच आहेत, हॉटेलांच्या आवारात उभे असतात. फक्त कागदावरच्या मिनिटांवर जाऊ नये. महिंद्राची गाडी 180 किलोवॅटच्या चार्जरवर 20 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर वीस मिनिटांत जाते असं सांगतात. कियाची 100 किलोवॅटवर 10 ते 80 टक्के एकोणचाळीस मिनिटांत. पण रस्त्यावरचा चार्जर तीसचा किंवा साठचा असेल तर गाडी कितीही खादाड असली तरी ताटात तेवढंच पडणार. आणि एकाच खांबाला दोन गाड्या लागल्या की पुष्कळ ठिकाणी वीज वाटली जाते. दिवाळीत, गणपतीत रांग लागते. टोलचंही लोक चुकीचं सांगतात. राज्याच्या 2025 च्या धोरणानं इलेक्ट्रिक गाड्यांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी दिली. तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर हे राष्ट्रीय महामार्गावरचे नाके. तिथं आपल्याला पूर्ण टोल भरावाच लागतो.

घरची वीज हा विषय पुरुषांनी शेवटी ठेवला होता, मी सुरुवातीला आणला. साध्या 16 अँपिअरच्या प्लगवर तासाला तीन युनिट जातात. 79 युनिटची बॅटरी रिकामी असेल तर एक दिवस आणि एक रात्र. ऐकायला भयानक, पण रोज कोण रिकामी करतं? कराडला जाऊन आलं की नऊ-दहा युनिट, तीन-चार तासांत परत भरतात. 7.2 किलोवॅटचा चार्जर भिंतीला लावायचा तर घराचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. 11.2 चा लावायचा तर थ्री-फेजच हवं. आमचं घर गावठाण फीडरवर आहे, शेतीपंपाच्या वेळापत्रकाशी त्याचा संबंध नाही, ही मोठी सोय. मळ्यात राहणाऱ्यांनी हे आधी तपासावं. घराच्याच मीटरवर चार्जिंग केलं तर महिन्याचं बिल वरच्या टप्प्यात जातं आणि पंख्या-फ्रिजच्या युनिटांनाही चढा दर लागतो, म्हणून चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेता येतं. आम्ही ते घ्यायचं ठरवलं. वायरमनला बोलावल्यावर त्यानं आधी अर्थिंग तपासलं. अर्थिंग नीट नसेल तर गाडीचा चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसतो, वीज घेतच नाही. आमच्या जुन्या घराचं अर्थिंग नावालाच होतं. अंगणात नवा खड्डा काढला, कोळसा-मीठ घातलं, तांब्याची पट्टी सोडली. गाडीच्या किमतीपुढं हा खर्च काहीच नाही, पण हे काम आधी झालं नसतं तर लाखोंची गाडी अंगणात उपाशी उभी राहिली असती.

पैशाचं म्हणाल तर युनिटला दहा रुपये धरले तरी शंभर किलोमीटरला पावणेदोनशे रुपये. आमच्या डिझेल गाडीला तेवढ्याच अंतराला सातशे लागतात. खरेदीतही फरक आहे. इलेक्ट्रिकवर जीएसटी 5 टक्के, मोठ्या डिझेल एसयूव्हीवर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के, आणि राज्याचा वाहन करही इलेक्ट्रिकला माफ. हे ऐकून मामा प्रथमच गप्प झाले.

आम्ही महिंद्राची 79 युनिटची, पण सगळ्यात खालच्या व्हेरिएंटची घेतली. तेव्हाची शोरूमची किंमत 21 लाख 95 हजार. ठरलं ते पुण्यावरून आणि बॉनेटखालच्या कप्प्यावरून. जाऊ अजूनही त्या बटणाची आठवण काढते आणि तिचं बरोबर आहे. ज्यांची धाव कराड, विटा, सांगली, फार तर कोल्हापूर एवढीच आहे आणि ज्यांच्या घरात मागं चढणारी माणसं मोठी आहेत, त्यांनी क्लॅव्हिसची मोठी बॅटरी घ्यावी. गाडी गल्लीत वळेल आणि रेंज कमी पडणार नाही. सहापेक्षा कमी माणसांच्या घरानं तीन ओळींच्या वाटेला जाऊच नये.

आणि गाडी बघायला जाल तेव्हा घरातल्या सगळ्यांना घेऊन जा. जी मागं बसणार आहे तिला मागं बसवूनच घाटातून आणा, आणि वायरमनला शोरूमच्या आधी बोलवा.